मदत हवी आहे: कॉलऱ्याचा जंतू विष बाहेर टाकताना स्वतः कसा गळत नाही?

मंडळी, मी बडोद्याला दांडिया बाजारात बी.एस्सी.च्या मुलांची घरी शिकवणी घेते. काल एकाने अडवलं, "काकू, एवढं मोठं विष बाहेर पडायचं तर भोकही मोठं लागेल. मग जंतू स्वतःच गळून मरत नाही?" पुस्तकात 'टाइप २ प्रणाली' (विष बाहेर टाकणारं जंतूचं यंत्र) एवढं म्हणून विषय संपवलाय.

या जंतूला आत-बाहेर अशी दोन पटलं, म्हणजे पातळ आवरणं असतात. आतल्या पटलातून विषाचे प्रथिन-तुकडे घडी न पडता, दोऱ्यासारखे ओवले जातात. दोन पटलांमधल्या जागेत घड्या पडून एक 'ए' आणि पाच 'बी' असे सहा तुकडे जुळतात. इथवर ठीक. पण हे तयार बोचकं बाहेरच्या पटलातून निघतं कसं? मी उठून चकलीचा पितळी सोऱ्या आणला, दट्ट्या फिरवून दाखवला आणि स्वतःच अडकले. बाहेरच्या पटलाशी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन) नसतं, मग दट्ट्याला जोर कुठला? आणि सोऱ्याचं तोंड तर कायम उघडं!

प्रतिसाद १
ताई, सोऱ्या फिरवणारा हात कुठे पिठात असतो? एटीपी मोडणारं प्रथिन आतल्या पटलाला पेशीच्या बाजूने चिकटलेलं असतं. त्याच्या जोरावर छोटी प्रथिनं एकावर एक रचत दांडा वाढतो आणि तोच विषाला रेटतो, असं मानतात. बाहेरच्या पटलात १५ सारख्या प्रथिनांचं कडं असतं. मधलं दार एरवी मिटलेलं, म्हणून गळती नाही. फक्त 'चकली' म्हणू नका. पीठ चकतीचा आकार घेतं, विष घडी न मोडता जसंच्या तसं निघतं.

कॉलऱ्याच्या विषावर काम करणारे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांचाही प्रयोग सांगा. १९५९ साली कोलकात्यात त्यांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं द्रव सशाच्या आतड्यात घातलं, तरी आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे विष जंतूच्या बाहेर आलेलं होतं.

धागाकर्ती
आभार! पण हा पोरगा लगेच म्हणेल, मेलेल्या जंतूंतून गळलं असेल.

प्रतिसाद १
म्हणू दे! या यंत्राचं एखादं जनुक बिघडवलं की जंतू जगतो, विषही बनवतो, पण ते दोन पटलांच्या मध्येच साचून राहतं. नुसतं गळण्याचं काम असतं तर अडलं कशाला असतं?

धागाकर्ती
हे चालेल. शनिवारी सोऱ्या पुन्हा काढते, या वेळी चकतीवर झाकण धरून. शिगेला या आमांशाच्या जंतूची, प्रथिनं टोचणारी सुई विचारली तर परत इथेच येईन.