पी१६ पॉझिटिव्ह: घसा नेमका कुठला?

पी१६ हे पेशीतलं एक प्रथिन; घशाच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा रंगवून ते वाढलंय का हे तपासतात. ‘पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे निकाल चांगलाच’, म्हणजे रुग्ण बरा होण्याची शक्यता जास्त, असं म्हटलं जातं. ते टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरपुरतं बऱ्याच अंशी खरं आहे. स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये मात्र या चाचणीवरून भाकीत करू नये. ‘घशाचा कॅन्सर’ या ढोबळ शब्दात दोन्ही येतात, म्हणून रिपोर्टवर आधी जागा वाचा.

एचपीव्ही (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूचं ई७ प्रथिन पेशींची वाढ आवरणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं, त्यामुळे पी१६ वाढतं. म्हणजे पी१६ ही विषाणूची फक्त सावली. किमान ७०% गाठपेशींत केंद्रक आणि पेशीद्रव दोन्हीकडे मध्यम ते गडद रंग आला, तरच पॉझिटिव्ह धरतात. नुसता ‘थोडा रंग आला’ हा शेरा उपयोगाचा नाही. हा निकष ऊतीच्या तुकड्यासाठी आहे. सुईने काढलेल्या पेशींना तो तसाच लावता येत नाही.

काही गाठी पी१६ पॉझिटिव्ह पण एचपीव्ही निगेटिव्ह निघतात आणि त्यांचा निकाल तुलनेने वाईट असतो. शंका असेल तर एचपीव्हीची ई६/ई७ आरएनए चाचणी (विषाणूची जनुकं गाठीत खरंच सक्रिय आहेत का ते थेट पाहणारी) मागावी. धूम्रपानाचा इतिहासही जोडीने बघावाच लागतो.

आणि पॉझिटिव्ह आलं म्हणून उपचार हलके करू नका. अशा रुग्णांना रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य समजलं गेलेलं अँटिबॉडी औषध देऊन पाहिलं, २०१८ साली निष्कर्ष आले: जगण्याचं प्रमाण घटलं.