लिंबाचा पाक कडू झाला त्याबद्दल
वर विचारलंय की सरबताचा पाक दुसऱ्याच दिवशी कडू का लागला. बहुतेक रस पाकाबरोबर उकळला असणार, नाहीतर बिया राहिल्या. मी १ वाटी रसाला २ वाट्या साखर घेते. साखर भिजेल इतकंच पाणी घालून एकतारी पाक करायचा, तो पार गार झाला की मगच गाळलेला रस आणि चिमूटभर मीठ. शेवटच्या थेंबासाठी लिंबाचा जीव काढू नका, सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा कडवटपणा उतरतो. संत्र्याचं तर आणखीच नखरेल काम! नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण ठेवला की त्यातल्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार होतं आणि तो कडवट होतो. आणि हो, बाटलीत ओला चमचा घालू नका. माझी अख्खी बाटली बुरशीने गेलीय.