टचस्क्रीनला लिनक्स पेन समजतंय. आपल्यापुरता रूल टाकून गप बसायचं का मूळ प्रोजेक्टला कळवायचं?

हळदीचा_सौदा (सांगली)
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून यार्डातल्या आमच्या अडत दुकानातल्या टचवाल्या बिलिंग मशीनवर मी लिनक्स टाकलं. बाकी झकास, पण टचचा वांदा. बोट लावलं की बाण तिथं जातो, क्लिक पण होतं, पण यादी बोटानं सरकवायला गेलं की सरकतच नाय, आणि शेतकऱ्याचं नाव टाकायच्या रकान्यात टेकवलं तर स्क्रीनवरचा कीबोर्ड काय वर येत नाय. सौद्याच्या दिवशी पट्ट्या करायला पोरगं बसलेलं, बोटं हळदीनं पिवळी, काच पिवळी, आणि दिवाणजी मागनं म्हणतायत, "मालक, जुनंच बरं होतं की."

लिबइनपुटची (लिनक्समधे माऊस, कीबोर्ड, टच सांभाळणारं सॉफ्टवेअर) डिव्हाइस यादी काढली तर पॅनेलपुढं 'टच' नाय, 'टॅबलेट' (म्हणजे पेननं चित्र काढायची पाटी) लिहिलेलं. खोट फर्मवेअरात, म्हणजे पॅनेलच्या आतल्याच सॉफ्टवेअरात. यूएसबीला जोडल्यावर पॅनेल स्वतःची ओळख सांगतं, ती यानं अशी अर्धवट सांगितलीय की कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला बोटाऐवजी पेन धरतो, आणि यूडेव्हला (जोडलेलं यंत्र कुठल्या प्रकारचं ते ठरवणारा भाग) एकदा पेन दिसलं की टॅबलेटचा शिक्का मारून मोकळा, पुढं बघतच नाय.

यावर तोडगा म्हणजे यूडेव्हसाठी आपला रूल, दोन ओळींचा. आयडी_इनपुट_टॅबलेट रिकामं, आयडी_इनपुट_टचस्क्रीन १. पण फाइलचं नाव मी ५० नं सुरू केलं आणि अर्धा दिवस घालवला, कारण फायली नंबरानं वाचल्या जातात, ओळख ठरवणारी मूळ फाइल ६० ची, ती मागनं येऊन माझं पुसून परत आपलंच लिहिते. ७० केलं, रिस्टार्ट मारला, चाललं.

आता माझं म्हणणं असं की हा रूल माझ्या डिस्कवर पडून काय उपयोग, उद्या फॉरमॅट मारलं की गेला. सिस्टमडीत (यूडेव्ह ज्याचा भाग आहे तो मूळ प्रोजेक्ट) असल्याच चुकांसाठी हार्डवेअर डेटाबेसची फाइल आहे, तिथं एक नोंद गेली की हेच पॅनेल घेणाऱ्या कुणालाच हा ताप नको. तिथं न पाठवणं म्हणजे निव्वळ आळस.

कृष्णाकाठ
आळस नाय हो, शहाणपणा. तुमचं चाललं ना, मग कशाला उपद्व्याप. ती नोंद व्हेंडर (बनवणारा) आणि प्रॉडक्ट (माल) यांच्या नंबरावर चालते, आणि स्वस्तातली पॅनेलं बनवणारे एकच नंबर धा मालांवर ठोकतात. तुमची नोंद गेली आणि तोच नंबर दुसऱ्या कुणाच्या खऱ्या पेनवाल्या पाटीवर असला तर त्याचं चालतं काम बंद पाडणार तुम्ही.

भडंगवाली
कृष्णाकाठदादा, या हिशोबानं कुणी कधीच काय पाठवू नये मग. मिरजेत आमच्या क्लासला असलंच एक मशीन आहे, बहुतेक माऊस समजतंय त्याला, पॅनेल डाव्या बटणाचा पण दावा करतं म्हणून. तीन वर्षं त्याला खालनं माऊस जोडून चालवतोय आम्ही. टच आहे हेच पोरं विसरलीत. रूल बिल मला कोण सांगणार होतं? डेटाबेसमधे असतं तर अपडेटबरोबर आपोआप आलं असतं. ज्याला जमतं त्यानं गप बसायचं आणि बाकीच्यांनी माऊस घ्यायचा, हे बरंय.

कंदी_पेढा (सातारा)
सौदेवाले, तुमच्या पॅनेलचा नंबर द्या बघू.

हळदीचा_सौदा
मेसेज केलाय.

कंदी_पेढा (सातारा)
अवघडंय. पोवई नाक्याजवळ माझं फ्लेक्सचं काम आहे, डिझाइनला पेनची पाटी वापरतो. व्हेंडर तोच, प्रॉडक्ट पण तोच, फक्त नाव वेगळं दिसतंय. माझी खरीच पेनची आहे राव. तुमची नोंद आली असती तर माझ्या पेनचा दाब गेला असता आणि मी तुमच्या नावानं बोंबललो असतो.

कृष्णाकाठ
काय म्हणत होतो मी.

हळदीचा_सौदा
मान्य, नुस्त्या नंबरावर नोंद चुकीची. पण तरी गप बसा हे मला पटत नाय. पेढेवाल्यांचं नाव वेगळं येतंय म्हणजे दोन्ही माल वेगळे ओळखायला काहीतरी आहेच की.

भडंगवाली
आणि खोट जिथं आहे तिथंच दुरुस्ती करता येते ना? २०२३ च्या ६.३ कर्नलपासून एचआयडी-बीपीएफ नावाची सोय आहे, पॅनेल जी ओळख सांगतं तीच कर्नलनं वाचायच्या आधी बदलायची, आणि लावायच्या आधी बाइट तपासता येतात, तुमच्या पॅनेलचे जुळले तरच लागू. पेढेवाल्यांची पाटी बचावली.

कृष्णाकाठ
ताई, ते सी भाषेत लिहायचं असतं. अडत दुकानदार लिहिणार?

भडंगवाली
लिहायला नको त्यांनी. एचआयडी-रेकॉर्डरनं (पॅनेल काय सांगतं ते टिपून ठेवणारं टूल) रेकॉर्डिंग काढून बग रिपोर्टला जोडायची. लिहिणारा लिहील.

कृष्णाकाठ
आणि सहा महिने कुणी बघितलंच नाय तर?

हळदीचा_सौदा
तर माझा ७० चा रूल हायच की, दुकान काय बंद पडत नाय. उद्या सौदा सुरू व्हायच्या आधी रेकॉर्डिंग काढतो. पेढेवाले, तुमच्या पाटीचं पण एक काढून पाठवा, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कुठला बाइट वेगळा ते कळायचं नाय. आणि कृष्णाकाठ, तुम्ही रिपोर्ट वाचून चुका काढा, ते तुम्हाला बरं जमतं.

कंदी_पेढा (सातारा)
काढतो. पण पेन आधी सापडू दे, पोरानं कुठंतरी टाकलाय.