गायरानातली रोपे जगत नाहीत; आफ्रिकेतल्या देशांनी काय केले?

अथणीकर:
आमच्या गावच्या गायरानात गेली चार वर्षे पावसाळ्याच्या तोंडावर रोपे लावली जातात, फोटो निघतात, आणि संक्रांतीपर्यंत खड्ड्यांत वाळलेल्या काड्या व काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तेवढ्या उरतात. आफ्रिकी संघाने 2007 मध्ये सेनेगलपासून जिबूतीपर्यंत ‘हिरव्या भिंती’ची योजना हाती घेतल्याचे वाचनात आले. तेथील देशांनी त्या कोरड्या पट्ट्यात झाडे कशी जगवली, हे कोणी सांगू शकेल का? ग्रामसभेत विषय मांडायचा आहे.

निपाणीचा वाचक:
त्या पट्ट्यातले सर्वांत ठोस काम रोपे लावून झालेलेच नाही. नायजरच्या दक्षिणेस मरादी आणि झिंदेर भागांतल्या शेतकऱ्यांनी जमिनीत जिवंत असलेल्या जुन्या खुंटांचे फुटवे राखले. आपण उसाचा खोडवा राखतो तसाच हा प्रकार. फक्त येथे जोमदार असे मोजकेच फुटवे ठेवून बाकीचे छाटतात आणि ते जळणाला वापरतात. 1980 च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाने मरादीत ही पद्धत रुजवली आणि पुढे सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडे परतली. सरकारचा वाटा मुख्यतः हात मागे घेण्याचा होता. वसाहतकाळापासून झाड सरकारचे मानले जाई, म्हणून पेरणीआधी फुटवा काढून टाकणेच शेतकऱ्याला सोयीचे वाटे. हा अंमल सैल झाल्यावर तो झाड राखू लागला. आपल्याकडे चंदनाचे असेच होते. बांधावर आपोआप उगवलेले रोप लोक नसती कटकट म्हणून उपटून टाकत, आणि 2001 मध्ये कर्नाटकाने कायदा बदलल्यावर कुठे त्याची मालकी जमीनधारकाकडे आली.

खानापूरकर:
हे शेतापुरते पटते, परंतु गायरान कोणा एकाचे नसते. त्यासाठी इथिओपियातील तिग्राई प्रांताकडे पाहावे. तेथे गावे उजाड डोंगरउतार ठरवून चराईला बंद करतात, उतारावर दगडी बांध घालतात आणि गवत केवळ कापून नेऊ देतात. 2005 पासूनच्या सरकारी कार्यक्रमात टंचाईग्रस्त कुटुंबांना अशा कामाच्या बदल्यात धान्य किंवा रोख रक्कम मिळू लागली, म्हणजे जवळपास आपली उद्योग खात्रीच (रोजगार हमी योजना). त्याच देशाने 29 जुलै 2019 रोजी एका दिवसात 35 कोटी रोपे लावल्याचे जाहीर केले होते. माझा भरवसा त्या आकड्यापेक्षा दगडी बांधांवर अधिक आहे. (फोटोचा रोग काही आपल्याच मुलखात नाही.)

अथणीकर:
दोघांचेही आभार. मात्र चराई बंद करायची तर आमच्या गावच्या धनगर कुटुंबांनी मेंढरे कोठे न्यायची?

खानापूरकर:
सगळे गायरान एकदम बंद करू नये. ओढ्याकडचा एखादा तुकडा निवडावा, आणि तो कोणता हे धनगरांनाच ठरवू द्यावे. कापलेल्या गवतावर पहिला हक्क त्यांचाच असल्याचे ठरावात स्पष्ट लिहावे. नाहीतर कुंपण पहिल्याच उन्हाळ्यात मोडेल.

अथणीकर:
आज सकाळी दोन वयस्क मेंढपाळांबरोबर ओढ्याच्या अंगाने फिरून आलो. शेळ्यांनी शेंडे खुडल्यामुळे गुडघ्याएवढेच राहिलेले, पण बुंध्याशी हिरवे असलेले बाभळीचे आणि हिवराचे 23 खुंट मोजले. ठरावात आधी यांचा उल्लेख करतो. रोपांची मागणी यंदा करणार नाही.