खडकवासल्याच्या पाणलोटात आधी काय रोखायचं: डोंगरफोडीचा गाळ की सांडपाणी?

मोसेकाठ: मुठेवरचं टेमघर, मोसेवरचं वरसगाव, आंबीवरचं पानशेत, तिन्हींचं पाणी खडकवासल्यात उतरतं आणि तिथून पुण्याच्या नळाला येतं. याच पाणलोटात भातखाचरं बुजवून, डोंगर फोडून प्लॉटिंग चाललंय. माझं ठाम मत: आधी ते रोखा. खाचराच्या बांधाआड पाणी थबकतं, गाळ तिथेच बसतो. खाचर गेलं की गाळ अडवणारं कोणी नाही, आणि वर मुरूम उघडा पडलेला. पहिल्या जोरदार पावसात ओढा तांबडा होऊन धावतो, मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खत, धरणात पोचतो.

निचरा: असहमत. गाळातला बराचसा फॉस्फरस लोहाने धरून ठेवलेला असतो, शेवाळाला लगेच मिळत नाही. सांडपाण्यातला विरघळलेला, म्हणजे आयतं खाद्य. तोही उन्हाळ्यात येतो, धरणात पाणी कमी असताना. काठच्या एखाद्या रिसॉर्टचा हिशोब करा: १०० पाहुणे, माणशी १३५ लिटर, दिवसाला १३,५०० लिटर. सेप्टिक टँक मात्र घरगुती मापाचा. पाणी २४ तास थांबायला हवं, ते काही तासांतच बाहेर पडतं, सोबत मैला घेऊन. शोषखड्डा चोंदतो. खाली थोडासा मुरूम, मग भेगाळ कातळ. तिथे पाणी गाळलं जातच नाही, सरळ ओढ्याला लागतं.

मोसेकाठ: लोह किती दिवस धरून ठेवणार? पानशेत, वरसगाव खोल आहेत. उन्हाळ्यात तापलेलं हलकं पाणी वर राहतं, खालच्यात मिसळत नाही. तळाचा ऑक्सिजन संपला की तोच फॉस्फरस सुटतो, बरोबर लोह आणि मँगनीजही. टाकी वर्षभरात नवी बांधता येईल. तळाचा गाळ कोण उपसणार?

निचरा: पानशेतपुरतं मान्य. खडकवासला फक्त १.९७ टीएमसीचा, उथळ, पाणी सतत पुढे जाणारं. तिथे असे थर फार टिकत नाहीत, आणि फार्महाउसांची दाटी त्याच्याच काठाला आहे.

चूड: भातशेतीला सरसकट निर्दोष ठरवू नका. साचलेल्या पाण्यात युरिया फेकला आणि रात्री मुसळधार झाली, तर खत बांधावरून ओढ्यात. चारसूत्री भातलागवडीत लावणीच्याच दिवशी चार चुडांमध्ये (रोपांच्या जुड्यांमध्ये) २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली गोळी, ७ ते १० सेंमी खोल खोचतात. खत चिखलात, मुळाशी राहतं. शेतकऱ्याला हे जमतं, मग प्लॉटवाल्याला सूट कशाला?

पाणतपासणी: महिन्यातून एकदा काठावरून बाटली भरून हा वाद मिटणार नाही. ओढ्याचं पाणी चढत असताना दर तासाला नमुना घ्या, एकूण आणि विरघळलेला फॉस्फरस वेगवेगळा तपासा. मे महिन्यात धरणाच्या भिंतीजवळ पृष्ठभाग, मध्य आणि तळापासून मीटरभर वर, अशा तिन्ही ठिकाणी ऑक्सिजन मोजा.

मोसेकाठ: जरूर मोजा, पण तोवर बांधकामाच्या परवानगीत अट हवीच: मेअखेर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), ओढ्याच्या तोंडाशी गाळखड्डा, उघड्या उतारावर वाळा किंवा गवत. नसेल तर पावसाळाभर खोदकाम बंद.

निचरा: त्याच अटीत टाकीचं माप पाहुण्यांच्या कमाल संख्येवर धरा आणि मैला उपशाच्या पावत्या मागा. नाहीतर तुमच्या चरांतूनही मैलापाणीच वाहील.