जोसेफ विर्शिंग यांचं काम पाहायचंय, सुरुवात कुठून करू?

रीळवेडा:
लोकहो, सल्ला हवाय. मी फिल्मवर फोटो काढतो, बहुतेक कृष्णधवल, आणि रोल घरीच धुतो. सध्या बॉम्बे टॉकीजचे जर्मन कॅमेरामन जोसेफ विर्शिंग डोक्यात बसलेत. जन्म म्युनिकचा, १९०३ चा. १९२५ मध्ये 'प्रेम संन्यास'च्या चित्रीकरणासाठी ते भारतात आले, पुढे निर्माते हिमांशू राय यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज हा स्टुडिओ काढला तेव्हा परत आले आणि १९६७ मध्ये इथेच वारले. मला त्यांची प्रकाशयोजना नीट शिकायची आहे. कोणता चित्रपट आधी बघू? पुस्तक काही आहे का?

मालाडचा_जुना:
'अछूत कन्या' (१९३६). दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, तेही म्युनिकचेच. पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा, दुसऱ्यांदा फक्त नायिका देविका राणींचा चेहरा बघा. क्लोजअप आला की प्रकाश मऊ होतो, केसांची कड उजळते आणि मागचं सगळं आपोआप मागे पडतं. प्रिंट खराब असली तरी हे दिसतं.

सावली:
मी उलट सांगेन. आधी 'महल' (१९४९) बघा. शिकायला तोच जास्त कामाचा आहे, कारण उजेड कुठे टाकायचा यापेक्षा कुठे टाकायचा नाही हे त्यात कळतं. सुरुवातीची वादळी रात्र आणि 'आएगा आनेवाला'चा भाग आवाज बंद करून पाहा. गाणं इतकं ओढून नेतं की डोळे काम करत नाहीत! मग जागोजागी थांबवा आणि मुख्य दिवा कुठल्या बाजूला असेल ते कागदावर काढा. हवेलीचे खांब, जिना, झुंबर, यांतलं किती दिसतंय आणि किती नुसतं जाणवतंय ते मोजा. मधुबाला आधी चाहूल म्हणून येते, चेहरा फार उशिरा नीट मिळतो. तो उशीर दिग्दर्शक कमाल अमरोहींचा जितका, तितकाच कॅमेऱ्याचा.

आणखी एक. विर्शिंग यांचं नाव निघालं की 'जर्मन शैली' म्हणून विषय संपवतात, ते मला पटत नाही. तालीम म्युनिकच्या एमेल्का स्टुडिओतली, हे खरं. पण 'महल'मधला अंधार त्या गोष्टीच्या पोटातून आलाय.

पानपिसारा:
पुस्तक आहे, जरूर मिळवा. देबश्री मुखर्जी यांनी संपादित केलेलं बॉम्बे टॉकीजवरचं इंग्रजी पुस्तक, विर्शिंग कुटुंबाने जपलेल्या संग्रहावर आधारित. महाग आहे, ग्रंथालयात विचारा. तुम्ही फोटोग्राफर आहात म्हणून सांगते, त्यातली सेटवरची स्थिरचित्रं चित्रपटांइतकीच महत्त्वाची. दिवे, ट्रॉली, दोन शॉटच्या मधे टेकलेले नट, सगळं एकाच नजरेने टिपलंय. हाच संग्रह २०१७ मध्ये पणजीला सेरेंडिपिटी महोत्सवात मांडला होता.

मालाडचा_जुना:
'सावली' यांचं पटलं, आवाज बंद करून पाहायचं तर नक्कीच. क्रमात 'कंगन' (१९३९) मात्र घालाच, त्यात आपल्या लीला चिटणीस आहेत. त्याच सुमारास युद्ध पेटलं आणि जर्मन म्हणून ऑस्टेन आणि विर्शिंग दोघांनाही इंग्रज सरकारने स्थानबद्ध केलं. ऐन भरातली वर्षं गेली. पण कॅमेरा विभाग बंद पडला नाही. १९४३ चा 'किस्मत' आर. डी. परींजा यांनी चित्रित केला, तो 'कंगन'नंतर लगेच बघा. गुरू नसताना काय टिकलं आणि काय बदललं ते लक्षात येतं.

रीळवेडा:
मनापासून आभार. या शनिवारी 'महल', मग 'अछूत कन्या', 'कंगन', 'किस्मत'. 'पाकीजा' कुठे बसवू? तोही त्यांचाच ना?

सावली:
अगदी शेवटी. नाव त्यांचंच आहे, पण चित्रपट बरीच वर्षं रखडला, ते गेले आणि उरलेलं काम इतर कॅमेरामननी पुरं केलं. तो १९७२ मध्ये आला. म्हणून कुठली चौकट कुणाची हे ठरवणं अवघड. आधी कृष्णधवल काम डोळ्यांत मुरू द्या, मग रंगातही त्यांचा हात ओळखता येतो का ते बघा. आणि ओळखता आला तर इथे येऊन कुठल्या प्रसंगात ते लिहा, मलाही पडताळायचंय.