आधी फॅन बघा, रेडिएटर नंतर

हायवेला इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये वर, एवढ्यावरून नवा रेडिएटर सांगणारा मेकॅनिक घाई करतोय. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त फॅन. इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज बघा, मग रिले (फॅनला वीज देणारा छोटा स्विच), मग मोटर. रिले काहीशे रुपयांत येतो.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल तर प्रेशर टेस्ट समोर उभं राहून करून घ्या. इंजिन पूर्ण थंड, कूलंटच्या झाकणाच्या जागी टेस्टरचा हातपंप, झाकणावर छापलंय तेवढंच प्रेशर (बऱ्याचदा 0.9 किंवा 1.1 बार) आणि 15 मिनिटं थांबायचं. टेस्टरचा काटा उतरला आणि बाहेर थेंब दिसला नाही, तर डाव्या सीटपुढचं कार्पेट चाचपा. ओलं, चिकट लागलं तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय. कोरडं असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या आतल्या सीलचा) संशय. थेंब रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या जोडावर असेल तर एम-सील लावू नका, तापून पुन्हा सुटतं. लीक बंद करणारी पावडरही नकोच, बारीक नळ्या तुंबतात.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडीमिक्समध्ये (आधीच पाणी मिसळलेल्या कूलंटमध्ये) पाणी घालायचं नाही. बोअरचं तर अजिबात नको, क्षार साचतात.

वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत गॅरेजं चिक्कार आहेत. फोनवर एकच विचारा: "प्रेशर टेस्टर आहे का?" उत्तर टाळलं तर पुढचं गॅरेज.